नमुना नको, नोंद हवी

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम जवळ आला की प्लेसमेंट सेलमधून विद्यार्थ्यांना एक फाइल जाते. तिच्यात बायोडेटाचा नमुना असतो, गटचर्चेचे विषय असतात, हमखास विचारले जाणारे प्रश्न असतात. अलीकडे अनेक ठिकाणी शेवटच्या पानावर मुलाखतीनंतर पाठवायच्या आभाराच्या मेलचा मसुदाही असतो. रिकाम्या जागी कंपनीचे नाव भरायचे आणि पाठवून द्यायचे. हे शेवटचे पान आपण काढून टाकावे आणि त्याऐवजी विद्यार्थ्यांना मुलाखतीची नोंद ठेवायला शिकवावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

मुलाखतीनंतर आभार मानण्याची रीत अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. रिचर्ड बोल्स यांचे ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’ हे १९७० साली निघालेले पुस्तक तिथल्या नोकरी शोधणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचले. त्यातही या पत्राचा आग्रह आहे. रीत परकी म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. समोरच्याने आपल्यासाठी वेळ काढला, त्याची जाण ठेवणे आपल्यालाही नवीन नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली आभारपत्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पत्र मिळणाऱ्याला किती आनंद होईल, याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज कमीच पडत होता. शब्द नेमके जमतील का, या चिंतेने लिहिणारे अडखळत होते, तर वाचणाऱ्यांना पत्रातला जिव्हाळा जास्त जाणवत होता. ‘मला चांगले लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हे जरूर सांगावे.

मात्र जिव्हाळा मसुद्यातून येत नाही. एकाच महाविद्यालयातल्या मुलांचे मेल एकाच मायन्याने आले, तर एचआरच्या माणसाला ते वेगळे काढता येत नाहीत. चॅटजीपीटी आल्यापासून तर वेगवेगळ्या महाविद्यालयांतले मेलही एकाच वळणाचे होऊ लागले आहेत. घाईत आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहिले, तर झालेली चांगली मुलाखतही त्या एका चुकीने झाकोळते.

याउलट एक पत्र कल्पून पाहू. मेकॅनिकल डिप्लोमाचा विद्यार्थी भोसरी एमआयडीसीतल्या एका टर्निंग युनिटमध्ये मुलाखत देऊन आला आहे. संध्याकाळी तो लिहितो: ‘सर, आज आपण मला वेळ दिला आणि सीएनसी सेक्शनचे काम समजावून सांगितले, त्याबद्दल आभारी आहे. पहिला जॉब तपासून पास झाल्याशिवाय लॉट सुरू करत नाही, हे आपण सांगितले ते लक्षात राहिले. शिफ्टमध्ये पुढे व्यास मापाबाहेर जाऊ लागला तर काय कराल, असे आपण विचारले होते. मी फक्त इन्सर्ट बदलीन एवढेच म्हणालो. इन्सर्टचे टोक झिजते तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. म्हणून आधी मोजून वेअर ऑफसेटमध्ये दुरुस्ती करायची आणि झीज मर्यादेपलीकडे गेली की इन्सर्ट बदलायचा, हे सांगायचे राहून गेले. हे काम करायला मला आवडेल.’

या पत्रात एकही अलंकारिक शब्द नाही. तरी मुलाने लक्ष देऊन ऐकले, आपले उत्तर कुठे अपुरे पडले ते त्याला कळले आणि घरी गेल्यावर त्याने त्यावर विचार केला, हे वाचणाऱ्याला दिसते. सुपरवायझरला हाताखाली नेमका असाच मुलगा हवा असतो. निवड होईलच असे नाही. पण हे पत्र लिहिताना तो जे शिकला, ते पुढच्या मुलाखतीत त्याच्या कामी येणारच.

असे पत्र नोंदीतून उभे राहते. म्हणून सराव मुलाखत संपल्याबरोबर, निकाल सांगण्याआधी, विद्यार्थ्याला पाच मिनिटे वही घेऊन बसवावे. मुलाखत कोणी घेतली आणि ते काय काम पाहतात, कामाविषयी कोणती नवी गोष्ट कळली, कोणते उत्तर अर्धवट राहिले, एवढेच लिहायला सांगावे. पत्र या तीन नोंदींवरून त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. आपण शुद्धलेखन आणि नावे तपासावीत, वाक्ये मात्र बदलू नयेत.

बाकीचे नियम थोडके आहेत. पत्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जावे. पाच-सहा ओळी पुरेत. राहिलेल्या उत्तरांपैकी एकच घ्यावे, सगळी मुलाखत पुन्हा देऊ नये. पगाराचा विषय आणि घरच्या अडचणी यात आणू नयेत. मुलाखतीचा निरोप मेलवर आला असेल तर मेलवर, लहान कारखान्याच्या मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावले असेल तर तिथेच उत्तर द्यावे. पॅनेलमधल्या व्यक्तीचा खाजगी नंबर शोधून काढू नये. पत्ता दिलेला नसेल तर पत्र प्लेसमेंट सेलमार्फत पाठवावे. मुलाखत मराठीत झाली असेल, तर मराठीत लिहिलेले पत्र कुठेही कमी प्रतीचे ठरत नाही.

सरकारी भरतीत मात्र हे पत्र लिहूच नये. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उमेदवारीसाठी कोणत्याही मार्गाने पाठिंबा मिळवण्याचा प्रयत्न उमेदवाराला अपात्र ठरवू शकतो. तिथे मंडळाच्या सदस्याशी संपर्क न साधणे हीच सभ्यता आहे. खाजगी आणि सरकारी अशा दोन्हीकडे अर्ज करणाऱ्या मुलांना हा फरक स्पष्ट सांगितला पाहिजे.

आता टेबलापलीकडच्या वाचकांसाठी. एप्रिल २०१९ मध्ये ‘बिझनेस इनसायडर’च्या वरिष्ठ संपादक जेसिका लीबमन यांनी आपला नियम जाहीरपणे मांडला की, आभाराचा मेल न पाठवणाऱ्याला नोकरी देऊ नये. त्यावर मोठा वाद झाला. ज्यांच्या घरात कोणी कचेरीत नोकरी केलेली नाही, त्यांना ही रीत कळणार कुठून, असा टीकाकारांचा सवाल होता. आमच्या मते तो सवाल रास्त आहे. आपल्या पॉलिटेक्निकमधून आणि आयटीआयमधून येणाऱ्या कित्येक मुली-मुलांच्या घरात मुलाखत देणारे ते पहिलेच असतात. पत्र आले नाही, यावरून त्यांचे काम कसे असेल ते कळत नाही. कुणीतरी त्यांना सांगितले होते की नाही, एवढेच कळते. ज्याने पत्र लिहिले त्याचे पत्र आपुलकीने वाचावे. ज्याने लिहिले नाही त्याचा एकही गुण कमी करू नये.

आणखी एक अपेक्षा आहे, ती मोठ्या-लहान सगळ्याच कंपन्यांकडून. रजा काढून, एसटीने लांबून आलेला उमेदवार कित्येक आठवडे उत्तराची वाट पाहत राहतो आणि कधी कधी उत्तर येतच नाही. निवड झाली नाही, तेही दोन ओळींत कळवता येते. शक्य असेल तर कशात कमी पडलात, ते एका वाक्यात सांगता येते. विद्यार्थ्यांनी कृतज्ञ असावे असे वाटत असेल, तर त्यांच्या वेळेचीही किंमत आपण ठेवली पाहिजे.

या हंगामात ज्या सेलमध्ये नोंदवहीचा हा सराव घेतला जाईल, त्यांनी आपले अनुभव, अडचणींसह, आम्हाला जरूर पाठवावेत. विद्यार्थ्यांची नावे वगळून ते पुढच्या अंकांत छापू. एका महाविद्यालयाने केलेला प्रयोग दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, यासाठीच हे मासिक आहे.

– संपादक