उतारूची शय्या आणि खोलीचें उत्पन्न

'हॉटेल' ह्या शब्दाचा मराठींतील प्रवास मोठा मौजेचा आहे. इंग्रजींत उतरण्याच्या जागेस जें नांव, तें आपण चहा-भज्यांच्या दुकानास देऊन टाकलें. आणि उतरण्याच्या जागेसाठीं 'लॉज' हा निराळा शब्द घेतला. प्रवासांत आपण खाण्याची चौकशी आधीं करतों व निजण्याची मागाहून, ही आपली जुनी संवयच जणूं ह्या नांवांत उतरली आहे. अलीकडे मात्र ती पालटूं लागली असून, पैसे देऊन खोली घेणारा उतारू तेथें रात्र कशी जाईल हें आधीं विचारतो. ज्यांच्या घरीं अशा खोल्या आहेत, त्यांनीं ह्या प्रश्नाकडे हिशेबी दृष्टीनें पाहणें अगत्याचें झालें आहे.

आणि अशीं घरें आतां थोडीं नाहींत. दापोली, गुहागर, गणपतीपुळें ह्या बाजूस, तसेंच गोव्याच्या किनाऱ्यावर, वडिलोपार्जित घराच्या दोन-चार खोल्या प्रवाशांस देणारीं कुटुंबें गांवोगांव आढळतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या 'न्याहारी व निवास' योजनेनें ह्या घरगुती व्यवसायास उत्तेजन दिलें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचें मूळ घर त्याच बाजूस असेल, व कोणाचा चुलता, कोणाचा मामेभाऊ हा व्यवसाय करीतही असेल. त्यांच्यापुढें दर पांच-सात वर्षांनीं एक प्रश्न हटकून उभा राहतो. खोल्या जुन्या दिसूं लागल्या, सामान बदलावयाचें आहे. तर पैसा कशावर घालावा म्हणजे तो परत येईल?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यापुढें हा प्रश्न नुकताच आला. दापोली तालुक्यांत त्याच्या चार खोल्या आहेत. शहरांतील एका सजावटकारानें त्याला चार लाखांचें अंदाजपत्रक करून दिलें होतें. त्यांत छताखालीं दुसरें शोभेचें छत, मखमली कोच, भिंतीवर मोठे दूरदर्शनसंच, नक्षीचे जाड पडदे, असें सारें होतें. गाद्यांपुढें मात्र 'आहेत त्याच' एवढाच शेरा होता. पैशांसाठीं पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवण्याचा बेतही ठरला होता. पतिपत्नी दोघें तो कागद घेऊन मजकडे आलीं. "गुरुजी, तुम्ही एकवार हिशेब पाहा," तो म्हणाला.

मीं विचारलें, "अरे, ह्या चारही खोल्यांत तूं स्वतः एकेक रात्र निजला आहेस काय?"

तो गप्प राहिला. उत्तर त्याच्या पत्नीनें दिलें. कारण रोज खोल्या तीच आवरते. "सकाळीं पाहावें तर टॉवेलाची घडी उशीखालीं घातलेली असते. दोन नंबरच्या खोलींत लोक गादी ओढून जमिनीवर निजतात. कोचावर कोणी बसत नाहीं. त्यावर ओले कपडे पडलेले असतात, कारण खुंट्या दोनच आहेत."

मीं तिला म्हटलें, "सूनबाई, खरें अंदाजपत्रक तुमच्यापाशीं आहे. हें कागदावर उतरून काढा."

ह्या धंद्यांत ज्यांनीं नांव मिळविलें, त्यांनींही उतारूच्या अडचणींपासूनच आरंभ केलेला दिसतो. अमेरिकेंत बोस्टन शहरीं १८२९ सालीं 'ट्रेमाँट हाउस' हें हॉटेल उघडलें. तोंपर्यंत तिकडील सरायांतून अनोळखी माणसांसह एका खोलींत, प्रसंगीं एकाच बिछान्यावर, निजण्याची पाळी येत असे. येथें उतारूस कुलपाची स्वतंत्र खोली, हातपाय धुण्याचें भांडें व साबण मिळूं लागला. पुढें सीझर रिट्झ ह्यानें १८९८ सालीं पॅरिस येथें आपलें प्रसिद्ध हॉटेल काढलें. त्यानें धूळ सांठविणाऱ्या जड कापडाला फांटा दिला, खोल्यांना जोडून न्हाणीघरें दिलीं, आणि विजेचा प्रकाश चेहऱ्यावर सौम्य पडावा म्हणून दिव्यांच्या टोप्यांचा रंग निवडण्यांतही पुष्कळ श्रम घेतले.

रिट्झचे उतारू राजेरजवाडे होते. सामान्य उतारूची सोय पाहिली ती एल्सवर्थ स्टॅटलर ह्यानें. अमेरिकेंतील बफेलो शहरीं १९०८ सालीं त्यानें जें हॉटेल उघडलें, तेथें खोलीस जोडून न्हाणीघर असूनही दर दीड डॉलरापासून सुरू होत असे. हें परवडलें कसें? त्यानें शेजारच्या दोन खोल्यांचीं न्हाणीघरें पाठीला पाठ लावून बांधलीं व दोहोंचे नळ एकाच पोकळींतून वर नेले. त्यामुळें नळकामाचा खर्च उतरला. दिव्याचें बटण दारापाशींच बसविलें, म्हणजे अंधारांत चांचपडावयास नको. ही दृष्टि विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. उतारूला जें जाणवतें तेथें त्यानें हात आंखडला नाहीं, आणि जें भिंतीच्या आंत दडलेलें तेथें काटकसर केली.

अलीकडचें उदाहरण 'वेस्टिन' ह्या हॉटेलमंडळीचें आहे. हॉटेलांतून पूर्वीं गडद रंगाचे, नक्षीदार पलंगपोस घालीत. त्यावर डाग दिसत नसत हाच त्यांचा मुख्य गुण. १९९९ सालीं वेस्टिननें हा प्रकार बंद करून जाड गादी, पुष्कळ उशा आणि नखशिखांत पांढरें आच्छादन असा नवा बिछाना सर्वत्र घातला. त्याचा एक परिणाम चमत्कारिक झाला. खोलींत दुसरें कांहींही बदललेलें नसतां, खोली पूर्वींपेक्षां अधिक स्वच्छ व नीटनेटकी आहे असें उतारू सांगूं लागले! कित्येकांनीं तर तो बिछानाच विकत मागितला, व कंपनीनें तो विकावयासही काढला. मग इतर मोठ्या हॉटेलांनाही बिछान्यांवर पैसा घालणें प्राप्त झालें.

आमच्या वात्स्यायनानें नागरकाच्या घराचें वर्णन करतांना मऊ, दोन्ही टोकांस उशा असलेली, पांढऱ्या आच्छादनाची शय्या सांगितली आहे. ही गोष्ट दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची. शय्या मध्यभागीं किंचित् खोलगट असावी, असेंही तो म्हणतो. आमच्या पुष्कळ लॉजवाल्यांनीं त्याचें हें एवढेंच वचन निष्ठेनें पाळलेलें दिसतें!

आतां हिशेबाकडे वळूं. खोलीचें उत्पन्न केवळ भाड्यावरून मोजूं नये. भाडें गुणिलें भरलेल्या रात्री, आणि तें वर्षाच्या सर्व दिवसांवर पसरलें म्हणजे जें येतें, तें खोलीचें खरें रोजचें उत्पन्न. समजा, भाडें १,८०० रुपये असून खोली वर्षांत १०० रात्री भरते. वर्षाचे १,८०,००० रुपये झाले. ते ३६५ दिवसांवर वांटले असतां रोजचे ४९३ रुपये पडतात. १,८०० चा आकडा ऐकून जो सुखावतो, त्यानें ४९३ चा आकडा दाराच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवावा.

आतां समजा, प्रत्येक खोलीमागें २५,००० रुपये गादी, उशा, चादरी, टॉवेल, खुंट्या व उशाजवळचा दिवा ह्यांवर घातले. चार खोल्यांचे १,००,००० झाले. खोली बरी झाली म्हणून भाडें २०० रुपयांनीं वाढविलें, तर ४०० रात्रींचे ८०,००० रुपये अधिक येतील. त्यांतून अधिक धुलाईचे रात्रीं ३० प्रमाणें १२,००० वजा जातां ६८,००० उरतात, व घातलेला पैसा दीड वर्षांत परत येतो. हीच भाडेवाढ चार लाख घालून मिळाली, तर पैसा परत येण्यास जवळजवळ सहा वर्षें लागतील. आणि तोंवर पडदे व गाद्या पुन्हां बदलावयास झालेल्या असतील. कर्ज काढलेलें असल्यास व्याज निराळें.

कोणी म्हणेल, "शोभेच्या सामानानें भाडें अधिक वाढणार नाहीं काय?" वाढेलही, आणि हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. हल्लीं खोली ठरते ती छायाचित्र पाहून. परंतु तिच्याविषयींचा अभिप्राय लिहिला जातो तो तेथें रात्र काढल्यावर. आणि पुढचा उतारू छायाचित्राबरोबर तो अभिप्रायही वाचतो. मखमली कोच पाहून आलेला मनुष्य पाठ धरून परत गेला, तर कोचाचे पैसे त्याच्या अभिप्रायानें बुडविलेच म्हणून समजावें. पांढरी, ताणून घातलेली चादर छायाचित्रांतही चांगली दिसते व अंगालाही सुखावह असते. म्हणून तिचा क्रम आधीं.

ह्या हिशेबांत करही धरावा. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आंत असलेल्या घरास वस्तु व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाहीं. मोठ्या लॉजला २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे; परंतु सामान घेतांना भरलेल्या कराची वजावट त्यांत मिळत नाहीं. म्हणजे घर लहान असो वा मोठें, सामानावरील कर हा खर्चच समजावा. तसेंच मोठ्या हॉटेलांतून एकूण उत्पन्नाचे सुमारें ४ टक्के सामानाच्या नूतनीकरणासाठीं दरसाल बाजूस काढण्याचा प्रघात आहे. वरील घराच्या ७,२०,००० रुपयांवर ते २८,८०० होतात. एवढे दरवर्षीं निराळ्या खात्यांत पडत गेले, तर पाटल्यांकडे पाहण्याची वेळच येणार नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें शेवटीं शोभेचें छत व कोच दोन्ही रद्द केले. मीं त्याला एवढेंच सुचविलें कीं, चारही खोल्यांस एकदम हात घालूं नये. दिवाळीपूर्वीं दोन खोल्या नव्या कराव्या, दोन तशाच ठेवाव्या, आणि शिमग्यापर्यंत दोहोंची वही निरनिराळी लिहावी. नव्या खोल्यांस २०० रुपये अधिक असूनही त्याच आधीं भरूं लागल्या, असें तिच्यावरून दिसून आलें. एका गृहस्थानें मात्र मोठा दूरदर्शनसंच नाहीं म्हणून कुरकुर केली, तेंही वहींत नोंदलेलें आहे. उरलेल्या दोन खोल्यांचा खर्च पहिल्या दोहोंच्या मिळकतींतून झाला, आणि पाटल्या जेथल्या तेथें राहिल्या.

किनाऱ्यावरील घरांसाठीं चार व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. खाऱ्या हवेंत लोखंडी पलंग गंजतात आणि भुशाच्या दाबीव फळ्यांचें कपाट पावसाळ्यांत फुगतें. म्हणून माळ्यावर सागवानी किंवा फणसाच्या लाकडाचा जुना पलंग पडला असल्यास तो आधीं खालीं काढावा. सुतारानें सांधे आंवळून, वाळवीचें औषध मारून दिलें कीं तो नव्याच्या तोंडांत मारील. त्याच्या फळ्या मोडक्या असतील तर मात्र बदलाव्या, कारण फळी वांकली कीं उत्तम गादीलाही खड्डा पडतो. कापसाची गादी वापरावयाची तर ती वेळोवेळीं पिंजून घ्यावी व ऊन देत जावें. तें होणार नसेल तर काथ्याची घट्ट गादी बरी. गादी कोणतीही असो, तिच्यावर धुतां येईल असें अभ्रें घालावें.

चादरींचे दर बिछान्यामागें निदान तीन संच असावे: एक अंगावर, एक धुण्यांत, एक कपाटांत. पावसाळ्यांत चौथाही लागतो. टॉवेलांसाठीं लांब जाण्याचें कारण नाहीं. सोलापूरच्या टॉवेलांस भौगोलिक मानांकन लाभलेलें आहे, आणि ते टिकाऊही असतात. पडद्यांस आंतून साधें जाड सुती अस्तर लावलें म्हणजे पहाटेचें ऊन डोळ्यांवर येत नाहीं. बिछान्यावर पडल्या पडल्या हात पोंचेल असें दिव्याचें बटण व दूरध्वनि भारण्याची जागा असावी. खुंट्या माणशीं तीन.

एवढें करूनही रस्ता वाईट, पाणी अपुरें किंवा बोलणें तुसडें असेल, तर गादी कांहीं करूं शकणार नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. अतिथि शब्दाचा अर्थ आपण तिथि न ठरवितां येणारा असा करतों. भाड्यानें राहणाऱ्या ह्या पाहुण्याची तिथि तर महिनाभर आधींच ठरलेली असते, पैसेही आगाऊ आलेले असतात. मग त्याला अतिथि म्हणावें काय? मला वाटतें, अवश्य म्हणावें. अनपेक्षित पाहुण्यासाठीं घाईंत घातलेला बिछाना उणा निघाला तर तो क्षम्य आहे. ज्याचें येणें आपणांस महिनाभर ठाऊक होतें, त्याच्यासाठीं उणा निघाला तर सबब राहत नाहीं.

तेव्हां श्रावण-भाद्रपदांत खोल्या रिकाम्या असतां यजमान-यजमानिणींनीं प्रत्येक खोलींत एकेक रात्र काढावी. पाहुण्याचीच उशी, पाहुण्याचाच टॉवेल घ्यावा. रात्रीं उठून दिवा शोधावा. आणि सकाळीं जें जें खटकलें तें वहींत लिहून मगच बाजारांत जावें. न्हाणीघराचा विषय मुद्दामच राखून ठेवला आहे. त्याचा विचार पुढील महिन्यांत करूं.