शिबिराला जरूर जा, पण गोळ्या सोडण्यासाठी नको

अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : ‘डॉक्टरसाहेब, दहा दिवस शिबिराला जाऊन आलो तर बी. पी.च्या गोळ्या सुटतील का?’ विचारणारे निरनिराळे असतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी किराणा दुकानदार, तर कोणी मुलाच्या काळजीने झोप उडालेली आई. प्रश्न एकच असल्यामुळे त्याचे उत्तर आज येथेच सविस्तर देत आहे.

शिबिर म्हणजे विपश्यना ध्यानाचे निवासी शिबिर. भगवान बुद्धांची ही साधना ब्रह्मदेशात टिकून राहिली होती. सत्यनारायण गोयंका यांनी ती १९६९ साली भारतात परत आणली आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. आपल्या खान्देशातही धुळ्याजवळ डेडरगावला ‘धम्म सरोवर’ हे केंद्र आहे. एरंडोलकरांना पारोळ्यावरून ते जवळच पडते.

तेथे दहा दिवस काय करतात, हे आधी समजून घ्यावे. पहाटे ४ वाजता घंटा होते. दिवसभरात सुमारे दहा तास ध्यानाला बसायचे असते. नवव्या दिवसापर्यंत पूर्ण मौन असते. मोबाइल, वर्तमानपत्र, वही-पेन, जपमाळ यांपैकी काहीही जवळ ठेवता येत नाही. पहिले साडेतीन दिवस नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. तो कमी-जास्त करायचा नाही, म्हणून हा प्राणायाम नव्हे. पुढे सर्व अंगावरील संवेदना पाहायच्या. गुडघा दुखला तरी चडफडायचे नाही आणि बरे वाटले तरी हुरळायचे नाही. जे उत्पन्न होते ते जाते, हे स्वतःच्या शरीरावर अनुभवायचे. शिकवण्याची, राहण्याची वा जेवणाची फी नसते. शिबिर झाल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यावे.

मी स्वतः इगतपुरीला एक शिबिर केले आहे. ध्यानाइतकाच लक्षात राहिला तो तेथील परिसर. सह्याद्रीचे डोंगर, दोन बैठकांमधील झाडांखालचे फिरणे, आणि बोलणे बंद असल्यामुळे प्रथमच नीट ऐकू आलेली पाखरे! ही केवळ हौस नव्हे. साधकाने अरण्यात, झाडाच्या मुळाशी किंवा एकांताच्या जागी बसावे, असे प्राचीन सतिपट्ठान सुत्तातच सांगितले आहे. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेली अजिंठ्याची लेणी पाहा. वाघूर नदीच्या वळणावर भिक्खूंनी पावसाळ्यातील वर्षावासासाठी हीच जागा निवडली. लेण्यांत आजही दगडी शय्यांच्या लहान लहान खोल्या दिसतात. चित्रे पाहून परतणाऱ्यांनी एकदा त्या खोल्यांतही डोकवावे.

झाडांचा प्रकृतीवर परिणाम होतो, याला आधुनिक आधारही आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. शांत बसून मंद श्वास चालू असला की नाडीची गती उतरते, स्नायू सैल पडतात. त्यामुळे शिबिरातून आलेल्यास हलके वाटते ते खोटे नसते.

मग गोळ्या का सोडू नयेत? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली ध्यानाविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला. हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून ध्यानाचा विचार करता येईल, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘जोड म्हणून’ हे शब्द महत्त्वाचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळून वर जातो. फिट्सच्या गोळ्या चुकवल्या तर फिट येऊ शकते.

खुद्द गोयंका गुरूंकडे गेले ते अर्धशिशीसाठी. या दुखण्यावर त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परंतु केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका, असे सयाजी उ बा खिन यांनी त्यांना स्पष्ट सांगितले. मन शुद्ध करण्याची विद्या रोग बरा करण्याच्या हिशेबाने घेऊ नये, हा त्यामागचा विचार. जे गुरूंनी सांगितले तेच मी वैद्यकीय कारणाने सांगतो आहे.

मधुमेहींनी विशेष जपावे. सकाळी ६॥ला नाश्ता, ११ला जेवण आणि सायंकाळी ५ला चहा-फळ असे हलके काही, एवढाच आहार असतो. रात्रीचे जेवण नसते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रात्री साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी आणि केंद्रालाही आधी कळवावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी संकोच न करता खुर्ची मागावी.

सर्वांत कळकळीची विनंती मनोरुग्णांच्या कुटुंबीयांना. भ्रम होणारा, कानात आवाज ऐकू येणारा, अतिशय खिन्न होऊन जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणारा मुलगा ‘ध्यानाने सुधारेल’ म्हणून शिबिराला पाठवू नका. दिवसभराच्या एकांतात असा आजार उसळू शकतो. अर्जात आजारांची माहिती विचारतात ती याचसाठी. जागा मिळावी म्हणून ती दडवणे म्हणजे रुग्णाचा घात करणे. त्याला आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात लाज कसली?

बाकी निरोगी माणसाने आणि आजार आटोक्यात असलेल्याने डॉक्टरांना विचारून अवश्य जावे. शेतकरी बांधवांना कापसाची वेचणी आटोपल्यावर, ऊन तापण्यापूर्वीचे दिवस सोयीचे. वैशाखात आपल्याकडे पारा ४४ अंशांवर गेला की बसणे कठीण होते.

दहा दिवस हे शिक्षण आहे. त्याचे फळ घरच्या रोजच्या बैठकीवर अवलंबून. सकाळ-सायंकाळ एकेक तास बसावे, असे शिबिरातच सांगतात. ज्यांना जाणे जमत नाही त्यांनीही पहाटे मोबाइल घरी ठेवून अंजनीच्या काठाने किंवा शेताच्या बांधाने अर्धा तास मुकाट्याने चालावे. सवडीने पद्मालयाला गेलात तर दर्शन झाल्यावर लगेच गाडीकडे न वळता तळ्यातील कमळांकडे पाहत थोडा वेळ गप्प बसावे. याला अर्ज लागत नाही, रजा लागत नाही. मात्र घरी आल्यावर न्याहारीनंतरची गोळी वेळेवर घ्यावी!