एरर इंग्रजीत नसते

आपल्या होस्टेलमध्ये एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ज्याचं इंग्रजी चांगलं, त्यालाच प्रोग्रॅमिंग येतं म्हणे! माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे वेब टेक्नॉलॉजीचे प्रॅक्टिकल सुरू झाले की लॅपटॉप घेऊन माझ्या रूमसमोर ज्युनियर मुलींची रांग लागते. "ताई, हे पाय ना, काय म्हणून राह्यलं हे?" त्यांना वाटतं की स्क्रीनवर जे लाल-काळं काही उमटलं आहे ते इंग्रजी आहे, आणि ताई ते फाडफाड वाचून दाखवेल. मराठी मीडियमची मुलगी तर वाचायच्या आधीच हात जोडते. हा लेख खास तिच्यासाठी आहे. आणि थोडा आमच्यासारख्या इंग्रजी मीडियमवाल्यांसाठीही, कारण आम्ही विनाकारण भाव खातो.

पीएचपी शिकताना पहिल्याच आठवड्यात भेटणारी एरर घ्या. पान सांगतं की तेराव्या ओळीवर 'अनएक्स्पेक्टेड व्हेरिएबल' आहे. इंग्रजी येणारी मुलगी याचा अर्थ लावते 'अनपेक्षित व्हेरिएबल', आणि तेराव्या ओळीवरच्या बिचाऱ्या व्हेरिएबलचं नाव बदलत बसते. अर्धा तास जातो. खरी गोष्ट अशी आहे की बाराव्या ओळीच्या शेवटी सेमिकोलन द्यायचा राहिला आहे. पीएचपी बारावी ओळ संपायची वाट पाहत तेरावीपर्यंत आलं, तिथे दुसरंच कोणी भेटलं, म्हणून ते ओरडलं. म्हणजे ओळीचा जो नंबर दिसतो तो चूक झाली तिथला नसून ती पकडली गेली तिथला असतो. खिसा बस स्टँडवर कापला जातो आणि आपल्याला कळतं घरी आल्यावर, तसंच हे. शेक्सपिअर पाठ असला तरी हे कळत नाही. मात्र कोणी एकदा मराठीत सांगितलं की जन्मभर विसरत नाही.

इंग्रजीचा आणि एररचा संबंध किती तकलादू आहे, त्याचा एक मजेदार पुरावा पीएचपीच्याच इतिहासात आहे. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या, ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने १९९५ साली स्वतःच्या होमपेजसाठी केलेली काही साधनं सर्वांना खुली केली. 'पर्सनल होम पेज टूल्स', म्हणून पीएचपी. पुढे इस्राएलमधले अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की हे दोघे विद्यार्थी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी (होय, आपल्यासारख्याच प्रोजेक्टसाठी!) ते वापरायला गेले. ते पुरेना, म्हणून त्यांनी ते मुळापासून नव्याने लिहिलं. त्यातून १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं. या मंडळींनी दोन विसर्गचिन्हांसारख्या दिसणाऱ्या डबल कोलनला आपल्या हिब्रू भाषेत नाव देऊन टाकलं, 'पामायिम नेकुदोतायिम'. नंतर कित्येक वर्षं डबल कोलन चुकीच्या जागी पडला की जगभरच्या पोरांच्या स्क्रीनवर हे शब्द यायचे. अमेरिकेतल्या मुलालाही ते कळत नव्हते आणि पुसदच्या मुलालाही. दोघं एका पातळीवर! पीएचपी ८ मध्ये, म्हणजे २०२० नंतर, तिथे सरळ चिन्हच दाखवतात. मला तर ते हिब्रू नाव गेल्याचं थोडं वाईटच वाटतं.

तर मुद्दा हा की एरर ही इंग्रजीची परीक्षा नाही. तो एक निरोप आहे, आणि त्यात तीन गोष्टी असतात. काय झालं, कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीवर. तेवढं वाचायला बाराखडीइतकं इंग्रजी पुरतं. 'अनडिफाइंड ॲरे की' दिसलं की ओळखायचं, फॉर्ममधून ती किंमत आलेलीच नाही. बहुतेक वेळा फॉर्म गेट पद्धतीने पाठवलेला असतो आणि आपण पोस्टमध्ये शोधत असतो, नाहीतर इनपुटला आयडी दिलेला असतो पण नेम द्यायचं राहिलेलं असतं. पानावर सगळा कोडच दिसतो आहे? मग फाइलवर डबल क्लिक केलेलं आहे, ती लोकलहोस्टमधून उघडलेली नाही. वर्डमधून किंवा पीडीएफमधून कोड उचलला तर अवतरण चिन्हं वाकडी येतात, आणि पीएचपीला फक्त सरळच लागतात. ह्या किरकोळ गोष्टी आहेत, कुणीही दोन दिवसांत शिकतं.

आता जरा आपल्या मराठीकडे येते, कारण इथे पुस्तकं मदत करत नाहीत.

समजा आपण एक साधा फॉर्म केला आणि अट घातली की आडनाव २० अक्षरांपेक्षा मोठं नको. त्यासाठी वापरलं 'स्ट्रलेन'. इंग्रजीत यवतमाळकर लिहिलं तर ११ अक्षरं, बिनबोभाट पास. तेच देवनागरीत लिहिलं की फॉर्म म्हणतो, नाव फार मोठं आहे! का? कारण स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना-मात्रा हेही वेगळं चिन्ह धरलं जातं. 'यवतमाळकर' मध्ये ८ चिन्हं आहेत, म्हणून २४ बाइट. 'सबस्टर' ने पहिले दहा तोडायला गेलात तर तीन अक्षरं पूर्ण येतील आणि चौथ्याचा एक तुकडा येईल. त्या तुकड्याच्या जागी स्क्रीनवर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. उपाय काय, तर दोन्हीच्या आधी 'एमबी' लावायचं, 'एमबी स्ट्रलेन', 'एमबी सबस्टर'. एवढंच. पण परदेशी लेखकाच्या पुस्तकात ही गोष्ट मागच्या कुठल्यातरी प्रकरणात असते, कारण त्याचं आडनाव एका अक्षराला एकच बाइट खातं.

दुसरी गंमत नोटपॅडची. मराठी मजकूर असला की आपण फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करतो. जुना नोटपॅड त्या वेळी फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट चिकटवायचा. त्याला बॉम म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. पीएचपी ते बाइट आधी ब्राउझरकडे पाठवतं, आणि मग आपण लॉगिननंतर दुसऱ्या पानावर जायला गेलो की 'हेडर्स ऑलरेडी सेंट' म्हणून अडतं. एररमध्ये पहिल्या ओळीचा नंबर असतो आणि पहिल्या ओळीवर तर काहीच चुकीचं दिसत नाही! पुष्कळदा हे लोकलहोस्टवर चालून जातं आणि होस्टिंगवर टाकलं की अडतं. २०१९ पासून विंडोज १० चा नोटपॅड आपणहून बॉम लावत नाही, पण लॅबमधल्या जुन्या मशिनवर हा पाहुणा अजून भेटतो.

आणि प्रश्नचिन्हं! डेटाबेसमध्ये मराठी नाव टाकलं आणि बाहेर आलं ते नुसतं ????? असं. इथे नीट बघा. टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर घाबरू नका, मजकूर सहसा आत शाबूत असतो, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसतो आहे. पण डेटाबेसच्या आतच खरोखरीची प्रश्नचिन्हं साठली असतील तर ते नाव गेलं, ते परत येत नाही. टेबल आणि कनेक्शन या दोन्ही जागी 'यूटीएफ-८ एमबी ४' सांगावं लागतं. आपण टेबलला सांगतो आणि कनेक्शनला विसरतो. पीएचपीला मराठी येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, ते पीएचपीतच लिहिलेलं आहे.

वर सांगितलेल्या चुका निदान दिसतात तरी. मला जास्त भीती वाटते ती न ओरडणाऱ्या चुकांची. आपल्याकडे दरवर्षी कोणाचा ना कोणाचा प्रोजेक्ट कापूस खरेदी नोंदणीचा किंवा कृषी केंद्राच्या खातेवहीचा असतो. जिल्हाच कपाशीचा, त्यामुळे साहजिक आहे. त्यात मोबाइल नंबरसाठी कॉलम घेतात 'इंट'. साध्या इंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढाच आकडा मावतो. (याच आकड्याला २०१४ मध्ये यूट्यूबवरचं 'गंगनम स्टाइल' गाणं जाऊन धडकलं होतं आणि गूगलला मोजणी मोठी करावी लागली होती.) आपला कोणताही मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे एकही त्यात बसत नाही. डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर तो नकार देतो. बंद असेल तर चुपचाप कमाल आकडा भरून मोकळा होतो, आणि सगळ्या शेतकऱ्यांचा मोबाइल नंबर एकच! नंबर ही बेरीज करायची गोष्टच नाही, ती अक्षरांसारखी साठवायची. सातबाऱ्यावरचा गट नंबरही तसाच. '१२/२' ला तुम्ही आकडा म्हणालात की पुढचा पोटहिस्सा गळून पडतो.

त्याहून वाईट म्हणजे देवनागरी आकडे. काकांनी मोबाइलवर मराठी कीबोर्डने क्विंटलच्या रकान्यात '१२' लिहिलं. पीएचपीत त्याचं 'इंटव्हॅल' केलं तर उत्तर येतं शून्य. एरर नाही, वॉर्निंग नाही. बारा क्विंटल कापूस शून्य झाला आणि पान म्हणतं, "आपली नोंदणी यशस्वी झाली." आधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यायचे, हे काम एका ओळीचं आहे. पण ते करायला हवं असं सुचणार कोणाला? ज्याच्या घरी मराठी आकडे लिहिले जातात त्याला. माझ्यासारखीला नाही, जिच्या शाळेच्या वहीत मराठीचा तास सोडला तर कुठेच १२ असं लिहिलेलं नव्हतं. मराठी मीडियमच्या मुलीचं भांडवल ते हेच, आणि तीच मुलगी हात जोडून दारात उभी असते!

म्हणूनच एरर झाकायच्या सवयीवर माझा राग आहे. होस्टेलमध्ये सिनियरचे प्रोजेक्ट वारशाने येतात. पूर्वी सीडीवर यायचे, आता ड्राइव्हच्या लिंकवर. त्यातल्या कित्येकांत पहिलीच ओळ असते 'एरर रिपोर्टिंग शून्य'. का? तर व्हायव्हात पानावर काही घाण दिसू नये. आत जुनं 'मायएसक्यूएल कनेक्ट' असतं, जे पीएचपी ७ मधून २०१५ सालीच काढून टाकलं आहे. नवीन मशिनवर हा प्रोजेक्ट चालवला की काहीच येत नाही, नुसतं पांढरं पान. पोरगी रात्रभर ते पांढरं पान पाहत बसते. पीएचपी बिचारं सांगायला तयार आहे की हे फंक्शन आता नाही, पण आपणच त्याच्या तोंडावर हात ठेवला आहे. साइट लोकांसाठी उघडली की एरर पानावर दाखवायच्या नाहीत, लॉगमध्ये लिहायच्या, हे बरोबरच. पण शिकताना? काही जणी ओळीआधी 'ॲट' चं चिन्ह लावून वॉर्निंग गप्प करतात. त्यापेक्षा एरर आलेली बरी.

कोणी म्हणेल, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, मार्क मिळाले की झालं. नाही ना! आपल्यातले बरेच जण दुसऱ्या वर्षापासूनच गावातल्या दुकानांना, क्लासेसना वेबसाइट करून देतात. हाच कोड तिथे जातो. फॉर्ममधलं नाव सरळ क्वेरीत चिकटवलेलं, पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला. 'पासवर्ड हॅश' २०१३ पासून पीएचपीत आहे आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट तर त्याच्याही आधीपासून. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांना अर्ज ऑनलाइन भरावे लागले होते. आपल्यातल्या अनेकांच्या घरी तो अर्ज भरला गेला असेल. नावातली एक मात्रा किंवा आधारचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की घरचे किती टेन्शनमध्ये येतात, हे यवतमाळच्या मुलांना मी काय सांगावं? उद्या तसले फॉर्म लिहिणारे आपणच असणार आहोत.

आता एआय आलं आहे. एरर चिकटवली की दोन सेकंदांत दुरुस्त कोड मिळतो. मी पण वापरते, त्यात लाज कसली. पण शून्य क्विंटलची एररच आली नाही, तर चिकटवणार काय? आणि आम्हा सिनियरांचं तरी वेगळं काय आहे? रांग लवकर संपावी म्हणून आम्ही लॅपटॉप ओढून घेतो, सेमिकोलन टाकतो आणि "झालं, जा" म्हणतो. तिला कळतच नाही की काय झालं. मग परवा ती पुन्हा रांगेत.

म्हणून आमच्या मजल्यावर या सेमिस्टरपासून दोन नियम केले आहेत. कीबोर्डला हात जिचा प्रोजेक्ट तिनेच लावायचा. आणि मदत मागण्याआधी एरर मोठ्याने वाचून तिचा अर्थ मराठीत, वऱ्हाडीत, जमेल तसा सांगायचा. चुकला तरी चालेल. सुटलेली एरर दोनशे पानी वहीत लिहायची, एररचे शब्द देवनागरीत आणि खाली खरं कारण. वही कॉमन रूममध्ये टीव्हीच्या खाली ठेवलेली असते. आतापर्यंत सतरा पानं भरली आहेत. लॅबच्या सरांना एक विनंती आहे की सर्व मशिनवर एरर दाखवणं चालू करून द्यावं आणि डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोडही. मुलांच्या होस्टेलला वही हवी असेल तर झेरॉक्स काढून घ्या, मूळ प्रत मिळणार नाही. अकराव्या पानावर एका फर्स्ट इयरच्या मुलीने 'हेडर्स ऑलरेडी सेंट' च्या खाली लिहिलं आहे, "वरात निघून गेल्यावर नवरदेवाले हळद लावाले गेली मी."