संकट संपतं, हुकूम संपत नाही

एप्रिल २०२०. भिवंडीत पॉवरलूम बंद. अब्बा राहिलेली मजुरी मागायला शेठकडे निघाले आणि नाक्यावर अडवले गेले. काठ्या खाल्ल्या, वर कलम १८८ खाली गुन्हा. केस मिटायला दोन वर्षं गेली. मजुरी आजही मिळालेली नाही.

"साथ होती, सरकार तरी काय करणार?" असं माझे मित्रच मला विचारतात. साथीत झटपट निर्णय घ्यावे लागतात, मान्य. पण ही घाई कधी संपली, हे कोण ठरवणार?

१९७५ च्या आणीबाणीनंतर देश एक धडा शिकला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीला कुंपण घातलं: महिन्याभरात संसदेची मंजुरी, दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी, आणि जगण्याचा हक्क स्थगित करायला मनाई. पण २४ मार्च २०२० ला चार तासांची मुदत देऊन अख्खा देश बंद केला, तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने. या कायद्याखालच्या आदेशांना संसदेची मंजुरी लागत नाही. कुंपणाला वळसा घालून सरकार आत आलं आणि आदेशांची मुदत मार्च २०२२ पर्यंत वाढवत राहिलं.

जोडीला होता १८९७ चा साथरोग कायदा. इंग्रजांनी प्लेगसाठी केलेला. त्याच्या जोरावर घराघरांत झडत्या झाल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्यातले मुसलमान विणकर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. 'सद्हेतूने' वागणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही, हे त्या कायद्याचं कलम ४. इंग्रज गेले, ढाल राहिली. २००५ च्या कायद्यातही ती आहे.

बेलगाम अधिकाराला दोषी कुणीतरी लागतोच. २०२० मध्ये तबलिगवाले सापडले. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि संकटात सरकार बळीचा बकरा शोधतं, असं सुनावलं. त्या निकालाने आपण सुखावलो. पण त्याच उन्हाळ्यात हायवेवरून पायी गावी निघालेल्या मजुरांना कुणी धर्म विचारला होता? काठी त्यांनाही बसली. म्हणून ही लढाई एकट्या आपल्या मोहल्ल्याची नाही.

मागणी साधी आहे. आदेशाची मुदत वाढवायची तर सभागृहात मतदान घ्या. आणि 'सद्हेतू'ची ढाल काढा. काठी मारणाऱ्याला जाब द्यावा लागू दे.

आमदाराला हे आज विचारा. पुढचा पूर, पुढची साथ येणारच. तेव्हा विचारायला निघालात, तर नाक्यावरच अडवले जाल.