रेषा सरकारची, कागद कुणाचा?



धुऱ्यावरून ज्या घरात कधी भांडण झाले नाही असे एक घर आपल्या गावात दाखवा. मोजणीवाला येतो, खुणा रोवतो, सह्या घेतो आणि जातो. पुढच्या वखरणीत त्या खुणा कुठे जातात ते दोन्ही भावांना ठाऊक असते! पण निदान तक्रार करायला आपल्याला एक तहसील आहे, एक कोर्ट आहे. आता असे समजा की धुऱ्याच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा. तक्रार कुठे करणार?

हे समजायचे कारण नाही, हे घडलेले आहे. पन्नास हजारांवर माणसे २०१५ सालापर्यंत असे जगली. जागा बंगालची. तिथल्या भाषेत त्या तुकड्यांना छिटमहाल म्हणत. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावे पणाला लावायचे, त्यातून हे तुकडे झाले अशी दंतकथा आहे. खरी गोष्ट साधी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला. ज्याच्या ताब्यात जे गाव होते ते त्याच्याकडे राहिले. तेव्हा कुणाचे बिघडले नाही, कारण सारा इकडे भरला काय आणि तिकडे भरला काय, कुणब्याला दोन्ही सारखेच. १९४७ साली रंगपूर पाकिस्तानात गेले, १९४९ साली कूचबिहार भारतात आले आणि त्या तुकड्यांभोवती आंतरराष्ट्रीय सीमा उभी राहिली. भारताचे १११ तुकडे आजच्या बांगलादेशाच्या पोटात, १७,१६० एकर. बांगलादेशाचे ५१ तुकडे भारताच्या पोटात, ७,११० एकर. दहाला खागराबाडी नावाचा एक तुकडा तर असा, की भारताची सुमारे पावणेदोन एकर शेतजमीन बांगलादेशी तुकड्यात, तो तुकडा भारतीय तुकड्यात आणि तो बांगलादेशात.

या गावांत शाळा नाही, पोलीस नाही, पोस्ट नाही, तलाठी नाही. गाव ज्या देशाचे, त्याचे दफ्तरही त्या देशाच्या कचेरीत. तिथे जायचे तर पासपोर्ट पाहिजे, आणि पासपोर्ट काढायला आधी चोरून सीमा ओलांडली पाहिजे. मुलाला शेजारच्या शाळेत घालायचे तर बापाचे नाव दुसऱ्याचे लावायचे. बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर नवऱ्याचे नाव दुसऱ्याचे सांगायचे. जमीन विकायची तर साध्या कागदावर अंगठा. तो कागद भावकीत चालायचा, बाहेर त्याची किंमत रद्दीची.

तोडगा माहीत नव्हता असे नाही. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी करारावर सह्या केल्या. बांगलादेशाच्या संसदेने त्याच वर्षी मान्यता दिली. आपल्याकडे? बेरुबाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच सांगितले होते की देशाचा भूभाग द्यायचा तर घटना दुरुस्त करा. ती दुरुस्ती करायला दिल्लीला ४१ वर्षे लागली. आणि वेळ आली तेव्हा? मे २०१५ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी एकमताने शंभरावी दुरुस्ती मंजूर केली. मग ४१ वर्षे अडले कुठे? 'दहा हजार एकर मातृभूमी परक्याला देता काय?' या ओरडीपाशी अडले. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांचा त्या दहा हजार एकरांत एक वाफा होता? ज्याचा होता त्याला कुणी विचारले नाही.

झाले ते काम चांगले झाले, हे कबूल करायला आमची ना नाही. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. त्याआधी दोन्ही देशांच्या माणसांनी मिळून घरोघर नोंद केली, कोणत्या देशात राहणार ते ज्याचे त्याला विचारले. दोन सरकारांनी गोळी न झाडता शेतांचा वाद मिटवला, ही लहान गोष्ट नाही.

पण कृषी पदवीधर म्हणून माझ्या डोळ्यांत खुपले ते वेळापत्रक. ती नोंद जुलैत झाली, म्हणजे अमन भाताच्या लावणीचे दिवस. सीमा ओलांडायची मुदत ३० नोव्हेंबर, म्हणजे भात काढणीला आलेले किंवा नुकते कापलेले. जमीन, बैल, उभे पीक यांचा हिशेब तेवढ्यात करायचा! आपल्याला सांगा बरे, वेचणी अर्ध्यावर असताना देश निवडा म्हणून. हजाराच्या आत माणसे बांगलादेशातून भारतात आली आणि दिनहाटा, मेखलीगंज, हलदीबाडीच्या छावण्यांत पत्र्याच्या खोल्यांत राहिली.

आणि जे जागचे हलले नाहीत त्यांचे? मशालडांगा, पोआतुरकुठीच्या लोकांना झेंडा एका रात्रीत मिळाला, मतदानाचा हक्कही मिळाला. जमिनीचा हक्क देण्यासाठी पश्चिम बंगालच्या विधानसभेने भूमिसुधारणा कायद्यात दुरुस्ती केली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. सव्वातीन वर्षांनी! नकाशा बदलायला एक रात्र, खातेउतारा द्यायचा कायदा करायला सव्वातीन वर्षे. मधल्या काळात नावावर उतारा नाही म्हणून पीककर्जाला बँकेच्या दारात उभे राहायची सोय नाही.

हे दूरच्या बंगालचे का सांगतो? चार वर्षे शेतकी शिकलो. खतांच्या मात्रा पाठ केल्या, बोंडअळीची चित्रे काढली, पण सातबारा कसा वाचायचा ते कुणी शिकवले नाही. पुढे आमच्याच उताऱ्यावर संगणकात चढवताना वडिलांच्या नावाची एक वेलांटी चुकली. कलम १५५ खाली चूक दुरुस्त होते, हे मला एका कचेरीतल्या शिपायाने सांगितले, साहेबाने नाही. त्यात दोन खरीप गेले. सोसायटीचे कर्ज बंद, बियाणे सावकाराच्या पैशाने. एका वेलांटीची ही किंमत, तर ज्याला उताराच नाही त्याने काय मोजले असेल?

सीमेवरच्या शेतकऱ्याचे हाल अजून संपलेले नाहीत. १९७५ च्या सीमा-मार्गदर्शक तत्त्वांमुळे सीमेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करायचे नाही, म्हणून कुंपण मागे आले. जमीन कुंपणापलीकडे, घर अलीकडे. मधले फाटक ठरल्या वेळी उघडणार, ठरल्या वेळी बंद होणार. ज्वारीवर पाखरे उतरतात ती फाटकाची वेळ बघून नाही! बंगालमध्ये तागासारखे उंच पीक कुंपणाजवळ नको, असाही आग्रह. पंजाबच्या सीमेवरही कुंपणापलीकडे शेते आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे. शेजारी देश जमिनीवर बोलायला बसतील तेव्हा आधी दोन्हीकडची दफ्तरे एकमेकांपुढे उघडा, खातेदारांची नावे जुळवा, हरकती ऐका, उतारा शेतकऱ्याच्या हातात द्या आणि मग झेंडे बदला. तारखा ठरवा त्या पिकाचे दिवस बघून. फाटकाची वेळ दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना विचारून ठरवा. हे अवघड नाही. घरोघर जाऊन माणसे मोजता आली, तर बांधावर जाऊन गट मोजता येतात.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडणार आहोत. येताना प्रत्येकाने आपला सातबारा, आठ-अ आणि शेवटच्या फेरफाराची नक्कल आणावी. नावात, क्षेत्रात, वारसनोंदीत चूक असेल त्यांचे अर्ज तिथेच बसून लिहू. बायाबापड्यांनी नवऱ्याच्या मागे आपले नाव लागले आहे की नाही, ते आधी बघून यावे.