भागीदाराची चोपडी

जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री श्री. मनसुख मांडविया यांनी घरपोच सामान पुरविणाऱ्या कंपन्यांच्या चालकांना समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या आणि ब्लिंकिटने ‘दहा मिनिटांत’ ही दवंडी आपल्या जाहिरातींतून काढून टाकली. ३१ डिसेंबर २०२५ रोजी, ऐन गर्दीच्या दिवशी, डिलिव्हरी कामगारांनी केलेल्या संपाची ही पार्श्वभूमी होती. सरकारने उद्योगाशी सामोपचाराने बोलावे यात गैर काही नाही. परंतु जाहिरातीतील शब्द गेला म्हणून रस्त्यावरची घाई गेली काय? ती घाई दर ऑर्डरमागे मिळणाऱ्या मोबदल्यात आहे. त्या पैशांवर ज्याचे पोट आहे तो मंत्रिमहोदयांच्या शब्दाखातर उसंत घेणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या वर्गाला प्रथमच केंद्रीय कायद्यात स्थान दिले, हे मान्य केलेच पाहिजे. नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये ७७ लाख असलेले हे कामगार २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील. त्यांच्या कल्याणनिधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यावयाचे आहेत. मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांवर हा भार जाऊ नये, अशी काळजीही कायद्याने वाहिली आहे. पण याच संहितेची व्याख्या या कामगाराला मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर बसविते. आणि श्रममंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्विगीशी व ऑक्टोबरात झोमॅटोशी करार केले, ते कशासाठी? तर याच कामाच्या संधी सरकारच्या राष्ट्रीय रोजगार सेवेच्या पटावर मांडण्यासाठी! रोजगाराच्या आकड्यांत ज्याला मोजावयाचे, त्याला कायद्याच्या कलमात नोकर म्हणावयाचे नाही, असा हा व्यवहार आहे.

कंपन्या त्याला ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, म्हणतात. शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणेच घ्यावा, अशी आमची जुनी खोड आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यान्वये भागीदाराला पेढीच्या चोपड्या पाहण्याचा, इतकेच नव्हे तर त्यांची नक्कल घेण्याचाही हक्क असतो. या भागीदाराला आज दर का घसरला, दूरची ऑर्डर आपल्याच वाट्याला का आली, किंवा सकाळी आयडी बंद का झाला, हे विचारण्यासाठी माणूसदेखील सापडत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे ९० दिवस, अथवा अनेक कंपन्यांकडे मिळून १२० दिवस कामाची अट आहे. हे दिवस मोजणारे यंत्र कंपनीचे. काम देणारे आणि आयडी बंद करणारेही तेच. ८५ व्या दिवशी ज्याचा आयडी बंद पडेल त्याने दाद कशाच्या आधारे मागावी? कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात काम तोडण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. तिने कंपन्यांचे दिवाळे वाजलेले आम्ही तरी ऐकले नाही.

महाराष्ट्राला तर हा प्रश्न मुळीच नवा नाही. सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी वाहणारा आणि दुपारी दुसऱ्याची वाहणारा हमाल कोणाचा नोकर, या वादात न शिरता १९६९ च्या माथाडी कायद्याने व्यापारी, कामगार व सरकार यांची मंडळे उभी केली. मालकाने मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळात भरावी आणि मंडळाने ती हमालाला द्यावी, अशी ही घडण होती. या मंडळांच्या आसऱ्याने पुढे तोतये माथाडीही उभे राहिले, हे आम्ही विसरत नाही. पण या व्यवस्थेत हमालाच्या मजुरीची नोंद मालकाच्या चोपडीबाहेर, तिसऱ्या ठिकाणी, झाली. ज्या उद्योगात प्रत्येक फेरीची नोंद यंत्रात आपोआपच होते, तेथे तर हे अधिकच सोपे आहे.

नव्या संहितेने निधी दिला, नोंद मात्र कंपनीच्या घरी ठेवली. प्रत्येक फेरीचा दर, कपात व कामाचे दिवस कामगाराला आणि मंडळाला पाहता यावेत, तसेच आयडी बंद करण्याचे कारण लेखी मिळावे, एवढे कलम श्रममंत्रालयाने नियमांत घालावे. त्यासाठी कंपन्यांच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६९ साली गोदीतल्या आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांचीही ती नव्हती.