कोल्हापूर–नागपूर : अंतर किती?

कोल्हापूर ते नागपूर हे अंतर किती, या प्रश्नास एकच एक उत्तर नाही. आकाशातून सरळ रेषेत मोजले तर ते सुमारे ७०० किलोमीटर भरते. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या रुळांवरून मोजले तर तेच १२०० च्या घरात जाते आणि प्रवाशास त्यासाठी गाडीत अहोरात्र काढावी लागते. जेट विमानास या अंतरासाठी सव्वा तासाच्या आसपास आणि पंख्याच्या लहान विमानास दीड तासाहून थोडा अधिक वेळ पुरतो. परंतु विमान उद्या सुटेल की नाही याचीच ज्यास खात्री नाही, त्याच्या लेखी हे सर्व हिशेब व्यर्थ होत.

ही दोन्ही शहरे विमानास नवखी नाहीत. कोल्हापूरची धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाली. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघणारी टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत व थैल्यांची अदलाबदल करून पहाटे परतत. तेव्हाची विमाने मंदगतीची होती. पण वेळापत्रकावर विसंबून लोक पत्रे टाकीत. गतीहून नेम मोठा, हा त्यातील धडा होय.

२०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना जाहीर केली, तिचा हेतू स्तुत्य होता. तासाभराच्या प्रवासास काही आसने २५०० रुपयांत मिळावीत आणि विमान कंपनीस येणारी तूट तीन वर्षे भरून द्यावी, अशी तिची योजना. मात्र महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने जे चित्र मांडले ते उत्साहवर्धक नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतील अवघे ५४ टिकून राहिले.

रिकामी विमाने जनतेच्या पैशाने का उडवावीत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच गैरवाजवी नाही. कोल्हापूर–पुणे यांसारख्या दोन-अडीचशे किलोमीटरांच्या प्रवासात विमानतळ गाठण्यात व तपासणीत जाणारा वेळ धरला तर विमानाने फारसे साधत नाही. तेथे तूट भरून देणे म्हणजे उधळपट्टीच. परंतु जेथे एक सबंध दिवस वाचतो तेथे न्याय निराळा असला पाहिजे. शिवाय सेवा बेभरवशाची म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून सेवा बंद, हे दुष्टचक्र कोणी तरी तोडावयास हवे. ते काम शासनाचेच आहे.

आमच्या मते मार्ग निवडताना अंतराऐवजी घरापासून घरापर्यंत वाचणारे तास मोजावेत. थोडे मार्ग घ्यावेत, पण त्यांवर ठरलेल्या वेळी नित्य विमान सोडावे. मदत एकदम न तोडता क्रमाक्रमाने कमी करावी आणि सेवा थांबवायचीच झाल्यास प्रवाशांस पुरेशी आगाऊ सूचना द्यावी.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भास बरोबरीच्या वागणुकीचे वचन दिले व १९६० साली राज्य एक झाले. विधिमंडळ हिवाळ्यात नागपुरास भरते, ते त्याच वचनाचे स्मरण म्हणून. कोल्हापूरच्या सामान्य नागरिकासही त्याच राजधानीत सकाळी जाऊन काम उरकून रात्री घरी परतता आले, तरच हे अंतर खऱ्या अर्थाने ७०० किलोमीटर आहे, असे आम्ही म्हणू.